वडील धंद्याला नाही म्हणतात, तेव्हा ते नेमकं कशाला नाही म्हणत असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, गाव औसा तालुक्यातलं, शिक्षण बीएस्सी कृषी. चार वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी झाली, पूर्व निघाली, मुख्यला अडकलं. घरी पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. आता गावात मिनी डाळ मिल टाकायची आहे, अंदाजे खर्च सहा लाख. वडील म्हणतात, ‘आपल्यात धंदा टिकत नाही.’ चुलते म्हणतात, अजून दोन अटेम्प्ट दे. लग्नाची बोलणी सुरू आहेत, आणि पाव्हणे पहिलाच प्रश्न नोकरीचा विचारतात. शेवटी तुम्ही विचारलंय: मराठवाड्याच्या माणसाला जोखीम घेताच येत नाही का? धंदा करायचा तर पुण्यालाच राहावं का?

लातूर-धाराशिव भागात छोट्या प्रक्रिया उद्योगांचे प्रकल्प अहवाल करणं, बँकेत फाइल लावणं आणि त्याआधी घरच्यांसोबत बसून बोलणं हे माझं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमचे वडील जोखमीला घाबरणारे नाहीत. जूनमध्ये पीककर्ज काढून किंवा आडत्याकडून उचल घेऊन बियाणं-खत मातीत टाकणारा माणूस राज्यातल्या कुठल्याही कारखानदारापेक्षा मोठा जुगार दरवर्षी खेळतो. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही वेळेवर पडेल याची खात्री नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं, उभं सोयाबीन पाण्यात गेलं. घराची जोखीम घ्यायची जेवढी ताकद होती, ती शेतीनेच वापरून टाकली आहे. अशा घरात मुलाची नोकरी म्हणजे विमा असतो. तुम्ही धंदा करतो म्हणता तेव्हा वडिलांना ऐकू येतं ते असं: विमा मोडतो आणि दुसरी शेती सुरू करतो.

त्यात दुसरी गोष्ट मिसळलेली आहे, ती म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा, जमिनीवर चढलेली कर्जाची नोंद. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सावकाराच्या वहीतून जमिनी गेल्याच्या गोष्टी इथल्या जवळजवळ प्रत्येक भावकीत आहेत. अलीकडे मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या, त्यात शिक्षकांच्या, शेतकऱ्यांच्या ठेवी गेल्या. ‘आपल्यात धंदा टिकत नाही’ या वाक्याच्या मागे बहुतेक वेळा एखाद्या नातलगाचं नाव असतं, ज्याने ट्रॅक्टर, पोल्ट्री किंवा दुकान काढलं आणि शेवटी दोन एकर विकले. वडिलांना ते नाव विचारा. तो धंदा कशाने बसला, हे त्यांच्याकडूनच ऐका. बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक निघतं: खेळत्या भांडवलाचा हिशोबच केला नव्हता, उधारी वसूल झाली नाही, किंवा धंद्यातला पैसा लग्न-दवाखान्यात गेला. मालाला गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बंद पडलेली उदाहरणं मला त्यामानाने कमी दिसली आहेत.

सरसकट ‘मराठवाडा असा’ म्हणणं मला पटत नाही. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणं कंपनी सुरू केली, आज तिथे बियाणं आणि स्टील या दोन्हींचा मोठा उद्योग आहे. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच मालकांनी आधी कुणाच्या तरी शॉपफ्लोअरवर काम केलं, मग एक लेथ घेऊन जॉबवर्क धरलं. वसमतकडे हळद, भूमकडे खवा, लातूर-उदगीरला डाळ. जिथे शेजारच्याने तोच धंदा करून घर बांधलेलं दिसतं, तिथे कुणी मुलाला अडवत नाही. मोंढ्यातल्या व्यापारी घरांत तर मूल दहावीत असल्यापासून गादीवर बसतं. मालात हात घालून ओल ओळखणं, कुणाला किती दिवस उधार द्यायचं, कुणाला नाही म्हणायचं, हे त्याला फुकट शिकायला मिळतं. शेतकऱ्याच्या मुलाला ते मिळत नाही. इथे हिंमत दोघांकडेही सारखीच असते, फरक त्या दहा वर्षांच्या उमेदवारीचा आहे. आणि ती उमेदवारी थोडक्यात का होईना, करता येते.

एक गोष्ट मात्र आदराने समजून घ्या. काही घरांत सरकारी नोकरीचं वजन पगारापेक्षा फार मोठं आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. तिथून शिकून जी पिढी नोकरीत गेली, तिच्यासाठी नोकरी म्हणजे गावगाड्यातून सुटका होती. अशा घरातला मुलगा धंद्याचं बोलतो तेव्हा आई-वडिलांची भीती वेगळी असते: मुलगा परत गावाच्या मर्जीवर जगायला लागेल का? तिथे हिशोबाचा कागद पुरत नाही. धंद्याची जागा गावात असावी की तालुक्याच्या एमआयडीसीत, गिऱ्हाईक कोण असेल, हेच आधी बोलावं लागतं.

आता चुलत्यांच्या ‘अजून दोन अटेम्प्ट’बद्दल. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका, पुस्तकं मिळून महिन्याला १०,००० रुपये धरले तरी पाच वर्षांचे सहा लाख होतात. म्हणजे तुमच्या मिलएवढेच. शिवाय त्या वर्षांत न कमावलेला पैसा वेगळा. हीसुद्धा जोखीमच आहे, पण ती सगळं गाव घेतं म्हणून कुणाला टोचत नाही. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे ‘अजून वय आहे’ हे वाक्य दहा वर्षं खरंच राहतं. माझं मत स्पष्ट आहे: मुख्य परीक्षेचा निकाल किंवा मुलाखत बाकी असेल तर तेवढं होऊ द्या. नसेल तर दोन्ही एकत्र चालवू नका. तुरीची आवक डिसेंबर ते फेब्रुवारीत असते. त्या दिवसांत मिल दिवसभर माणूस मागते, आणि अर्ध्या लक्षाने चालवलेल्या मिलवर पहिला परिणाम उताऱ्यावर, म्हणजे तुरीतून किती डाळ निघते त्यावर, होतो.

मिलच्या गणिताकडे येतो, कारण घरच्यांशी बोलायचं ते या गणितावर.

मिनी डाळ मिल तासाला साधारण एक क्विंटल माल काढते. दिवसाला पाच क्विंटल धरा, आठ धरू नका. अडतं ते यंत्राशी नाही, वाळवणाशी. तूर चाळून-निवडून एमरी रोलरवरून (खरखरीत रुळावरून) ओरखडून घ्यायची, क्विंटलला अर्धा किलोच्या आत-बाहेर तेल चोळायचं, रात्रभर ढीग ठेवायचा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची, पाण्याचा हात मारून पुन्हा मुरवायची आणि मग भरडायची. म्हणजे रोज पाच क्विंटल काढायचे तर पंधरा-वीस क्विंटल तूर कायम अंगणात पसरलेली असणार. खळं लहान असेल तर यंत्र कितीही मोठं घ्या, उपयोग नाही. घाई करून ओलसर तूर भरडली की डाळ तुटते, चुनी (डाळीचा चुरा) वाढते. नीट केलं तर मिनी मिलवर ७० टक्क्यांच्या आसपास उतारा मिळतो. दोन टक्के उतारा गेला तर शंभर क्विंटलमागे दोन क्विंटल डाळ गेली. पावसाळ्यात वाळवण होत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर मिल जवळपास बंदच धरायची. तूर, हरभरा आणि थोडे मूग-उडीद मिळून कामाचे दिवस वर्षाला शंभर.

आता तुमचे सहा लाख. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे ६०,००० घालावे लागतात. बँक ५ लाख ४० हजार देईल. अनुदान ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. पण ते हातात येत नाही. तीन वर्षं खातं नियमित राहिलं तर ते कर्जात वळतं होतं. म्हणून हप्ता पूर्ण कर्जावर धरा. ११ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत, तर महिन्याला सुमारे ११,७०० रुपये, वर्षाला १ लाख ४० हजार. (योजनेची चालू वर्षाची मुदत आणि निधी कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घ्या. तिथे बसत नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, बघा. त्यात ग्रामीण भागाला खुल्या गटात २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटात ३५ टक्के अनुदान आहे.)

उत्पन्न बघा. लोकांची तूर भाड्याने भरडून द्यायची, दर किलोला सहा रुपये समजू. तुमच्या भागातला दर विचारून हा आकडा बदला. पाच क्विंटलचे दिवसाला ३,०००, शंभर दिवसांचे तीन लाख. दोन मजूर दिवसाला हजार, म्हणजे एक लाख. वीज दिवसाला तीनशे धरली तर ३०,०००. तेल, एमरी, बेल्ट, दुरुस्ती आणखी ३०,०००. राहिले १ लाख ४० हजार, आणि तेवढाच वर्षाचा हप्ता. घरात शून्य. वडिलांनी हा कागद मांडला नसेल, पण त्यांचा अंदाज बरोबर आहे: सहा लाखांची मिल नुसत्या भरडाईवर घर चालवणार नाही.

मग मोह होतो तो स्वतः तूर घेऊन डाळ विकण्याचा. शंभर क्विंटल तूर २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावाने धरली तरी आठ लाख अडकतात, म्हणजे मिलपेक्षा जास्त. वर आयातीचा निर्णय एका रात्रीत भाव पाडतो, आणि साठवणीत ओल राहिली तर भुंगा लागतो. गावाकडच्या मिल ज्या पायरीवर बसतात, ती हीच.

त्यामुळे माझा सल्ला असा: पहिल्या दोन हंगामांसाठी प्रकल्प तीन लाखांच्या आत आणा. घराजवळचं पत्र्याचं शेड, असलेलं खळं, एक मिल, एक चाळणी. पॅकिंग मशीन नको, मालाचा साठा नको. कर्ज २ लाख ७० हजार, हप्ता ५,९०० च्या आत, वर्षाला ७० हजार. भरडाईचे तेच तीन लाख आले तर खर्च आणि हप्ता जाऊन ७० हजार उरतात. एका मजुराचं काम तुम्ही केलंत तर १ लाख २० हजार. फार नाहीत, पण शेतीच्या जोडीला आहेत आणि घर बुडवत नाहीत. दुसऱ्या हंगामात पाच-दहा क्विंटल स्वतःच्या शेतातली तूर भरडून एक-एक किलोच्या पिशवीत विकून बघा.

हे काम मिळेल का, हेही मोजता येतं. पाच-सहा माणसांच्या घराला वर्षाला ५०-५५ किलो तूरडाळ लागते, म्हणजे सुमारे ७५ किलो तूर. पाचशे क्विंटलसाठी साडेसहाशेवर घरं हवीत. एका गावातून होत नाही, पाच-सहा गावं लागतात. मशीनचं कोटेशन आणण्याआधी वही घ्या आणि नावं लिहा: कोण, किती तूर, आत्ता कुठे भरडतो, काय देतो.

भरडाईचा आणखी एक फायदा आहे, तो आपल्याकडच्या स्वभावाशी जोडलेला आहे. गावात मामाला, चुलतभावाला, सरपंचाला उधार नाही म्हणता येत नाही. ‘उधारी बंद’ची पाटी लावून ती थांबत नाही, उलट माणसं तुटतात. भरडाईत मात्र त्यांची डाळ तुमच्या ताब्यात असते. पैसे द्या, पोतं न्या, यात कुणाला अपमान वाटत नाही. ज्याच्याकडे रोकड नाही त्याच्याकडून भाड्यापोटी चुनी-टरफल किंवा डाळ ठेवून घ्या. गावाकडे ती पद्धत मान्य आहे, आणि चुनीला जनावरांसाठी गिऱ्हाईक दारात असतं. किराणा दुकानदारांना डाळ पुरवायला लागलात की उधारीचं गणित उलटं होतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

आता बोजाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाच्या एवढ्या लहान कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही. म्हणजे जमीन गहाण ठेवायची गरज नाही, आणि शाखेत मागितली तर तुम्ही द्यायची नाही. नम्रपणे ‘सरकारच्या कर्जहमी योजनेत बसवा’ एवढंच म्हणा. वडिलांना सहकर्जदार किंवा जामीनदार करू नका. गहाणखत नसलं तरी जामिनाची सही म्हणजे वसुलीची नोटीस त्यांच्या नावाने येणार. शेड वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर साधा भाडेकरार आणि संमतीपत्र करा. जागा गावठाणात असेल तर नमुना आठ आणि ग्रामपंचायतीची ना हरकत यावर बरंच काम भागतं. आईच्या नावाने कर्ज काढून जास्त अनुदान घेण्याचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. आई खरंच मिल बघणार असेल, बचत गटात हिशोब लिहीत असेल, तर जरूर करा. पण नुसती सही घेऊन तिला कर्जदार करणं अन्यायाचं आहे. हप्ता थकला की तिचा गटातला व्यवहारही अडतो.

विजेचं आधीच सांगतो, कारण इथे पुष्कळ जण फसतात. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवू नका. तो विजेचा अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी येते. एका तपासणीत वर्षाची कमाई जाते. वेगळी थ्री-फेज औद्योगिक जोडणी घ्या. खांब लांब असेल तर तिला महिने लागतात. अन्नसुरक्षेची नोंदणी आणि उद्यम नोंदणी या त्यामानाने लहान गोष्टी. उद्यम तर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

घरच्यांसमोर बसाल तेव्हा एका पानावर तीन गोष्टी लिहून न्या. जमिनीला आणि वडिलांच्या सहीला हात लागणार नाही. घरातून जास्तीत जास्त किती रुपये घेणार, तो आकडा. आणि अठरा महिन्यांत, म्हणजे दोन तूर हंगाम बघून, अमुक इतकी भरडाई झाली नाही तर मशीन विकून कर्ज फेडणार. एका हंगामावर ठरवू नका, एखादं वर्ष पाण्याने किंवा अळीने जातंच. चुलत्यांनाही त्या बैठकीला बोलवा. आपल्याकडे निर्णय एकट्या वडिलांचा नसतो, आणि ज्याला विचारलं नाही तो पुढे पाव्हण्यांपुढे विरोधात बोलतो.

लग्नाच्या बाबतीत लपवाछपवी नको. मुलीकडचे पगार विचारतात तेव्हा त्यांना ठरलेल्या तारखेला येणारा पैसा हवा असतो. मग तसा पैसा दाखवा: धंद्याचं चालू खातं वेगळं, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून तुमच्या बचत खात्यावर एक ठरलेली रक्कम, ५,००० असली तरी चालेल. हंगामात जास्त आलं तरी तेवढीच. उरलेल्यातून पावसाळ्याचे चार हप्ते आधी बाजूला. करपात्र नसलात तरी आयकर विवरण भरा. वर्षभराचं बँक स्टेटमेंट समोर ठेवणाऱ्या मुलाशी पाव्हणे वेगळ्या सुरात बोलतात. घरच्यांचाही विरोध याच नियमित रकमेने मावळतो, भाषणाने नाही.

पुण्याबद्दल: तुमचा कच्चा माल, खळं आणि ओळख औशाला आहे. पुण्यात तुम्हाला भाड्याच्या जागेत तेच काम महागात करावं लागेल. विकायला पुढे जरूर जा.

काही परिस्थितीत मात्र यंदा थांबा, असंच म्हणेन: वडिलांचं पीककर्ज थकलेलं असेल, बहिणीचं लग्न वर्षाच्या आत असेल, किंवा घरात मोठं आजारपण असेल. मिलच्या गल्ल्यावर या तिन्हींचा हक्क आधी लागतो, आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. तसंच वहीत पन्नास नावांच्या पुढे जाता आलं नाही तरी मशीन घेऊ नका. त्याऐवजी डिसेंबर ते मार्च लातूर किंवा उदगीरच्या एखाद्या डाळ मिलवर पगार कितीही असो, काम धरा. खरेदीच्या टेबलाजवळ उभं राहायला मिळेल असं काम मागा. ओल, उतारा आणि आडत्याशी बोलणं तिथे एका हंगामात कळतं. त्याच महिन्यांत गावाकडच्या थ्री-फेज जोडणीचा अर्ज चालू ठेवा, म्हणजे पुढच्या तुरीला जोडणी तयार असेल.